दादाच्या काळ्या चाली

९ सप्टेंबर
चाल आली! रिकामी बोट वर्सोव्याला ओढून आणली त्याला दहा दिवस झाले, प्रज्योतदादा सापडला नाही, त्याचा फोन बंद. आणि बुद्धिबळाच्या ॲपवरचा आमचा अर्धवट डाव पुढे सरकला. मी सहज घोडा बाहेर काढला, पापणी लवते न लवते तोच काळं प्यादं हललं.

१० सप्टेंबर
आईला सांगायला नको होतं. आता ती येईल त्याला ऐकवते — "माजा पोर जबाब देतंय!" नंदकुमारकाकांचं वेगळंच. मला म्हणाले, "नमे, दर्भाचा पुतळा करू, अग्नी देऊ. किती ताटकळत ठेवायचा त्याला?" मला काकांचा राग येतो. आईचाही येतो.

१२ सप्टेंबर
पांढरी मोहरी असली की राजासमोरचं प्यादं दोन घरं — हे दादानेच घोटवून घेतलं. "समोरचा काहीही खेळू दे, तुझं उत्तर तयार पाहिजे." सिसिलियन, फ्रेंच, काळ्याच्या प्रत्येक बचावावर माझी एक वाट ठरवून दिली. समुद्रावरून आला की काळी मोहरी घेऊन बसायचा, बहुतेक वेळा कॅरो-कान. हा डावही तोच. आज ठरलेला उंट काढला. लगेच उत्तर.

१३ सप्टेंबर
क्लबातला परेश म्हणाला, "अगं, चाली आधी भरून ठेवता येतात ना! तू हे खेळलीस तर मी ते. तुझी तयारी त्यानेच करून घेतली. तू काय खेळणार ते त्याला माहीत होतं, यार."
असंच असणार. म्हणजे त्याने शिकवलेलं मी खेळत राहीन तोवरच तो बोलणार! परेशवर उगाच ओरडले.

१४ सप्टेंबर
खेळले नाही. शिकवलेल्या चाली संपत आल्यात.

१६ सप्टेंबर
काकांनी भटजी ठरवले, परवा पुतळा. आई भिंतीकडे तोंड करून पडलीय, जेवत नाही. खरं काय ते मलाच सांगावं लागणार.
किल्लेकोट करून राजा हत्तीआड घ्यायची वेळ होती. मी राजा उचलून नुसता एक घर बाजूला ठेवला. घाणेरडी चाल! दादाने हातावर चापट मारली असती. असली चाल धरून कोणी उत्तर भरून ठेवत नाही.
दुपारभर वाट पाहिली. काही नाही. आईला म्हटलं, "करूया गं." ती उठून बसली. दोन घास जेवली.

१८ सप्टेंबर
अग्नी देऊन आलो. आई आंघोळीला गेलीय.
फोन उघडला. दादाने चाल केलीय — लगेच नाही, विचार करून. माझ्या त्या चुकलेल्या राजावरच.