उंबरठा नसलेलं शेड

धुळे, मंगळवार, दिवेलागण

परसातलं शेड कसं हवं, हे मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, लहानसं, पत्र्याचं, कुदळ-खुरपी आणि रोपांपुरतं. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, उंबरठा नका करू. खताची ढकलगाडी सरळ आत जाईल." माझ्या कमरेची किती काळजी, असं वाटलं. बिनउंबरठ्याचं दार मनाला पटत नव्हतं, तरी हो म्हटलं.

आज त्यांची नवी मोटारसायकल सरळ आत गेली. मी यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत म्हणाले, "तुझं सामान मावेल की कोपऱ्यात."

म्हणजे यांनाही ठाऊक होतं? उंबरठा नको, हे दोघा भावांचं आधीच ठरलेलं.

सकाळीच मी उंबरठ्याच्या जागी, नुसत्या जमिनीवर, हळदीकुंकू वाहिलं होतं. चाक नेमकं त्यावरून गेलं.