जमणे, गोळा होणे, एकवटणे

नाशिक, ६ मे २०२५

चि. ज्ञानेश यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मी घरचा ग्रुप सोडला आहे आणि फोनही उचलणार नाही, तेव्हा काय ते पत्रानेच कळव. कामापुरतं लिहिते. निवृत्तीनंतर शाळेतल्या मुलांसाठी समानार्थी शब्दांची पुस्तिका करते आहे, हे तुला ठाऊक आहे. सध्या 'जमणे'पाशी अडले आहे. एकत्र येणे, गोळा होणे, एकवटणे, भेटणे हे शब्द आहेत, पण कुठला कुठे वापरायचा हे दाखवणारी माझी वाक्यं फार पुस्तकी होतात. 'सभेला लोक जमले' यापुढे गाडी जाईना. आपल्या गावात बोलतात तशी चार-पाच वाक्यं पाठव.

आईचा गुडघा कसा आहे, ते तुझ्या वेदिकाला लिहायला सांग. गोळी जेवणानंतर द्यायची, आधी नाही.

लोभ आहे. तो वाढवण्याबद्दल सध्या काही लिहीत नाही.

तुझी ताई,
उज्वला


दिंडोरी, १० मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. बापू गेल्यानंतरची पहिली आखाजी होऊन दहा दिवस झाले, आणि तू मला वाक्यं मागतेस. घे.

जमणे: बापूंची पहिली घागर भरायची म्हणून पेठ-नांदगावहून सगळी भावकी जमली, पोटची मुलगी तेवढी आली नाही. गोळा होणे: अकरा वाजले तरी ताई दिसेना, तेव्हा बायका ओट्यावर गोळा झाल्या आणि कुजबुजू लागल्या. एकत्र येणे म्हणशील तर बांधावरून बापूंशी वीस वर्षं न बोललेले देवरामकाकाही सगळ्यांसोबत पंगतीला बसले. आणि आईने होतं नव्हतं ते बळ एकवटून पुरण वाटलं, तुझं पान वाढलं आणि दोन वाजेपर्यंत त्या पानासमोर उपाशी बसून राहिली. भेटण्याचं वाक्य मला सुचत नाही, ते तूच लिही.

दिंडोरी काही अमेरिकेत नाही. सीबीएसवरून एसटी तासाभरात येते. मला तुझा राग आला आहे, आणि लिहूनही तो कमी झालेला नाही. आईचा गुडघा सुजला आहे. गोळी जेवणानंतरच देतो.

मोठेपणा आहे, तो सांभाळावा.

तुझा,
ज्ञानेश


नाशिक, १४ मे

चि. ज्ञानेश यास,

आशीर्वाद. वाक्यं चोख आहेत, पण छापणार नाही.

आता माझंही ऐक. सासरी असलेल्या लेकीला आखाजीला न्यायला माहेरचा मुराळी येतो, हे तुला मी सांगायला हवं का? बापू दर वर्षी स्वतः यायचे. मी साठीची झाले, मला नातवंडं झाली, तरी गेल्या आखाजीपर्यंत काठी टेकत आमचे तीन जिने चढून आले आणि दारातूनच म्हणाले की चल, बॅग घे. यंदा तू काय केलंस? ग्रुपवर टाकलंस की सर्वांनी अक्षय्य तृतीयेला, ३० तारखेला सकाळी नऊला जमावे, आणि खाली लोकेशन. माझ्याच माहेरचं लोकेशन मला. तोच निरोप तू ट्रॅक्टरवाल्यालाही धाडला होतास.

तरी आदल्या दिवशी मी बॅग भरली. संध्याकाळपर्यंत बाल्कनीत बसले, तू येशील म्हणून. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता साड्या परत कपाटात ठेवल्या. बापूंबरोबर माझं माहेरही गेलं असं वाटलं, आणि मी खूप रडले. मग मात्र राग आला, तो अजून आहे.

आईला नमस्कार सांग.

उज्वला


दिंडोरी, १९ मे

ती. आत्यास सा. न. आजी सांगतेय तसंच लिहिते आहे. वेदिका.

उज्वले, आशीर्वाद. तुझे दोन्ही कागद या पोरीनं मला वाचून दाखवले. ज्ञानेशला मी लय बोलले. तो म्हणतो, बागंच्या छाटणीला पेठची माणसं लावली होती, एक दिवस सवड नव्हती. म्हणलं, तुझा बाप कसा सवड काढायचा? बापाची बाग आपल्याकडं आली ते त्याला बरोबर कळलं. बापामागं मुराळी आपण व्हायचं, ते नाय कळलं. चूक त्याची हाय.

पण तुझीबी हाय. तू बाल्कनीत बसली तशी मी पानाम्होरं बसले. येवढी मास्तरीण तू, आई वाट बघती हे तुला नाय कळलं? मी मेल्यावर तुम्ही जमालच. तवा कोणी घ्यायला यायची वाट बघणार नाय. पण मला ते काय दिसणार? मला आत्ता बघायचंय.

म्हणून ऐतवारी मीच येते तुला न्यायला. ज्ञानेश गाडी चालवील. डॉक्टर जिना चढू नको म्हणतो, त्याचं मी ऐकणार नाय. बॅग भरून ठेव. चहापाणी करू नको, मी रागात हाय. माया हाय ती हायच, ती कागदावर मागायची नसती.

तुझे तीन जिने हायेत. दीड मी चढीन, दीड तू उतर.

तुझी आई,
साळूबाई