गडग्यापलीकडची कलमं

रविवार, संध्याकाळ.

मुलीकडचे आज आमचं घर आणि बाग बघायला आले होते. हे स्थळ मामाने आणलेलं. त्याने हद्दीच्या दगडी गडग्यापलीकडची शेजाऱ्यांची हापूसची कलमंही आमचीच म्हणून दाखवली. मी गप्प राहिलो. का राहिलो?

मुलगी गडग्याशी थांबली. "पलीकडचंही तुमचंच ना?"

तिच्या वडिलांकडे बघून म्हणालो, "नाही. आमचं या गडग्यापर्यंतच."

चहा न घेताच ते निघाले. मामाही, "बस आता तसाच," म्हणत तणतणत गेला. तेव्हापासून आई माझ्याशी बोललेली नाही.

आत्ता मुलीच्या वडिलांचा फोन आला. "पुढची बोलणी करू. आईंना घेऊन या, मामांना नको."

आईला कसं सांगू? तिचा एकुलता एक भाऊ तो.