वाटीभर कमी पाणी

आत्याबाई, यंदा समोरच्या काकूंच्या घरचा चीक मी घोटला. चार किलो गव्हाचा, चुलीवर, त्यांच्याच परसात, गल्लीतल्या सगळ्याजणींच्या समोर. एक गुठळी झाली नाही. हे सर्वात आधी तुम्हाला सांगायचं होतं, आणि सांगायला तुम्ही नाही, म्हणून लिहून काढते आहे. जरा फुशारकी वाटेल. वाटू द्या. या फुशारकीची मी पस्तीस वर्षं वाट पाहिली आहे.

आपल्या गल्लीची रीत अजून मोडलेली नाही. उन्हं तापली की ज्या घरच्या कुरोड्या असतील त्या घरी पहाटे सगळ्या आपापला सोऱ्या घेऊन हजर. आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, फडक्यातून गाळून चीक काढायचा, रात्रभर तो खाली बसू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं आणि उरलेला पांढराशुभ्र चीक उकळत्या पाण्यात घोटून, गरम आहे तोवर गच्चीवर कुरोड्या पाडायच्या. तुम्हाला हे सांगणं म्हणजे अतीच झालं. पण लिहिताना मजा येते आहे, कारण आता यातली एकेक पायरी माझ्या हाताला माहीत आहे. कुरोड्या पाडायला कोणीही चालते, वाळत घालायला कोणीही चालते. घोटायला मात्र एकच बाई असते, आणि तुम्ही होतात तोवर ती तुम्ही होतात. कोणाचंही घर असो, चुलीपुढचा पाट तुमचा.

माझं लग्न झालं त्या पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही मला बोलावून म्हणालात, "सूनबाई, वरचं पाणी फेक. हळू." मी अकोल्याच्या नोकरीवर नुकतीच लागलेली. रोज बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. त्या दिवशीही डोक्यात गाडीच होती. मी चिकाचं मोठं पातेलं, तो गंज, उचलला आणि एका झटक्यात मोरीत तिरपा केला. वरचं पिवळट पाणी गेलं, आणि त्याच्यामागोमाग अर्धा चीकही गेला. मोरी दुधासारखी पांढरी झाली. मला कळलंसुद्धा नाही. कळलं ते सगळ्याजणी मोरीकडे बघायला लागल्या तेव्हा. तुम्ही माझ्या हातातून गंज काढून घेतलात. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. नुसतं म्हणालात, "पांढरं दिसून नाही राहिलं काय तुले? राहू दे माय. तू आपली गाडी पकड."

तू आपली गाडी पकड. पुढे एकवीस उन्हाळे मी ते ऐकलं. कधी तुम्ही म्हणायच्या, कधी नुसत्या माझ्याकडे बघायच्या आणि मला ते ऐकू यायचं. माझ्या वाट्याला आलं ते मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसून डब्याची भाजी चिरणं, गच्चीवर धोतरं ओली करून अंथरून येणं आणि शेवटी चिकाचा गंज घासणं. तो गंज घासणं हे काय काम असतं ते ज्याने घासला त्यालाच माहीत. मला राग यायचा. ऑफिसात माझ्या टेबलाशी लोक रांग लावून उभे राहायचे, साहेब फाईल माझ्यावर सोडून निर्धास्त असायचे, आणि घरी मला वरचं पाणी ओतायची परवानगी नाही. मी हे तुमच्या लेकाला सांगायचे. ते म्हणायचे, "आईच्या चुलीत मी पडत नाही." हुशार माणूस.

पण खरं सांगायचं तर त्या पायरीवर एक सुखही होतं, आणि ते तुम्हीच दिलेलं होतं. गंज चुलीवरून उतरला की सर्वांआधी तुम्ही एका वाटीत वाफाळता चीक काढायच्या, त्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ. ती वाटी माझ्याजवळ पायरीवर आणून ठेवायच्या. उशीर झालेला असला तर डब्यात भरून पिशवीत टाकून द्यायच्या. बडनेरा सुटल्यावर मी तो डबा उघडायचे. शेजारच्या बायका विचारायच्या, काय आहे वो, आणि मी मूर्तिजापूर यायच्या आत सगळा संपवून टाकायचे. कोणाला चमचाभरही दिला नाही कधी. गंजाच्या तळाची खरवडही माझीच. घासायचं काम माझं, तर खरवडीवर हक्क कोणाचा?

तुम्ही गेलात त्यानंतर घोटायचा पाट समोरच्या काकूंकडे गेला. तुमच्या मैत्रीण, तुमच्या बरोबरीने बसलेल्या. त्यात गैर काही नव्हतं. पण आपल्या घरच्या कुरोड्या बंद झाल्या. मी बारा वर्षं बाजारातून आणल्या. गल्लीतल्या बायका मला बोलवायच्या, मी सुट्टी असली तर जायचे, धोतरं अंथरायचे, गंज घासायचे. कोणी मला वेगळं काही सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. माझ्या मनात ती पांढरी मोरी अजून वाहत होती.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहिल्या उन्हाळ्यात, कोणाला कळू न देता, एक किलो गहू भिजवले. मागचं दार लावून घेतलं. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा कच्चा राहिला, वाळल्यावर कुरोड्यांचा चुरा. दोन्ही वेळचा फसलेला चीक तुमच्या लेकाने चार दिवस नाश्त्याला खाल्ला. "आजही चीकच?" एवढंच म्हणाले, पण वाटी पुढे केली. तिसऱ्यांदा मी गॅससमोर उभी होते, पाणी उकळत होतं, आणि मला एकदम पायरी दिसली. मी पायरीवर बसले आहे, मेथी निवडते आहे, आणि तुम्ही चीक ओतायच्या आधी उकळत्या पाण्यातून एक वाटी पाणी बाहेर काढून बाजूला ठेवता आहात. दरवेळी. चीक आवळत आला की ती वाटी काठाकाठाने सोडता आहात. गल्लीतल्या सगळ्या बायका म्हणतात जितका चीक तितकं पाणी, आणि तुम्हीही तेच सांगायच्या. पण करायच्या वेगळं. बाकीच्या सोऱ्या पुसण्यात, गप्पांत असायच्या. पायरीवर रिकामे डोळे फक्त माझे होते. तुम्ही मला चुलीपासून लांब बसवलंत आणि सगळी विद्या तिथूनच दिसत होती. मी वाटीभर पाणी काढून ठेवलं, आणि जमलं.

तरी मी गल्लीत बोलले नाही. या वर्षी काकूंचे गहू भिजत पडले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनचा निरोप आला. मोतीबिंदू. तारीख पुन्हा लवकर मिळायची नाही म्हणून करून आल्या. डॉक्टरांनी बजावलं, धूर नको, वाफ नको, वाकणं नको. इकडे चीक काढून बसवलेला. एक दिवस आणखी ठेवला की आंबून जाणार. पहाटे सगळ्या जमल्या आणि परसात नुसत्या उभ्या राहिल्या. काकू काळा चष्मा लावून खुर्चीवर. त्यांची सून रडकुंडीला आलेली. ती म्हणाली, "मले नाही येत वो हे. गाईले घालून देऊ काय?" चार किलो गहू, तीन दिवसांची मेहनत. कोणी हात पुढे करेना, कारण बिघडला की नाव खराब होतं, तुम्हाला माहीत आहे.

मी म्हटलं, "मले द्या."

काकूंनी चष्म्यासकट मान माझ्याकडे वळवली. "तू? तुह्या हातानं तर मोरी पेली होती चीक." पस्तीस वर्षांनी! गल्ली काही विसरत नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पदर खोचला होता. म्हटलं, "पेली होती. आता नाही पेनार."

गंज मी इतका हळू तिरपा केला की मलाच माझा हात ओळखू येईना. पिवळं पाणी गेलं, पांढरी कड दिसली, थांबले. थेंब सांडला नाही. चुलीवर पाणी खळखळलं तसं मी वाटीभर काढून ठेवलं. काकूंच्या सुनेने मला विचारलं, "काकू, हे पाणी काहून काढून ठेवलं?" चीक एका हाताने धारेने ओतायचा होता आणि दुसरा हात थांबू द्यायचा नव्हता. धार, घोट, धार, घोट. दंडातून कळ निघत होती. काकू खुर्चीवरून कान देऊन होत्या. "खाली लागून राहिला," म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही लागत." चीक आवळला, पांढऱ्याचा काचेसारखा झाला, मी ती वाटी काठाने सोडली, पुन्हा घोटला. ओलं बोट लावून पाहिलं. बोटाला चिकटला नाही.

मग काकू हळूच म्हणाल्या, "वाटीभर पाणी काढून ठेवत होती काय तुही सासू? मले नाही सांगितलं तिनं कधी."

"मलेही नाही सांगितलं," मी म्हटलं.

आत्याबाई, त्या सकाळी मी उन्हात गच्चीवर उभी होते आणि समोर धोतरांवर पांढऱ्या कुरोड्यांच्या ओळीच ओळी होत्या, आणि मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवू ते कळेना. प्रमोशन झालं होतं तेव्हा इतका झाला नव्हता. परवा वाळलेल्यातल्या चार तळल्या. कढईभर फुलल्या. काकूंच्या हातात एक दिली. त्यांनी मोडली, कानाजवळ धरून पुन्हा मोडली, खाल्ली. म्हणाल्या, "तुह्या सासूच्या हातच्या."

मी म्हटलं, "नाही काकू. माह्या हातच्या."

त्यांनी दुसरीसाठी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बोलनंही तिच्यासारखंच झालं तुहं." पुढच्या आठवड्यात तिघींकडे कुरोड्या आहेत. तिघींनी मला सांगून ठेवलं आहे. पाट माझा.

आता जे लिहायचं राहिलं ते लिहिते. घोटताना मी एकदा मागे वळून पाहिलं होतं. तुम्ही कुठे उभ्या तर नाही ना, म्हणून. नव्हतात. आणि मला हायसं वाटलं. तुम्ही असता तर ते घोटणं माझ्या हातात आलं नसतं, आणि आलं असतं तर गुठळ्या झाल्या असत्या. तुम्ही नव्हतात म्हणून जमलं. तुमच्या जाण्याचं मला वाईट वाटतं, आणि हेही खरं आहे. हे पत्र तुमच्या फोटोपुढे वाचून दाखवायचं असं ठरवून बसले होते. नाही वाचणार. अजून भीती वाटते तुमची.