वान्दीच्या लग्नाआधी

फयाओ, उत्तर थायलंड, १० जानेवारी १९९३

चि. सोइफेतला अनेक आशीर्वाद.

कारखान्यात शिवत बसून बसून भोपळा झालीस म्हणे! इथलं मात्र बरं नाही. आपला इनकेव मासेमारीच्या बोटीवरून परतला, नुसता सापळा. डॉक्टर म्हणाले, एड्स. आईने त्याला शेताच्या टोकाला खोपीत ठेवलंय. केळीच्या पानावरचा भात काठीने पुढे सरकवते, मग पान जाळते. शेजारीण म्हणते, त्याला चावलेला डास आपल्याला चावला की संपलंच. काय करू, कळव.

माया असू दे.
तुझी ताई, खामपेंग


बँकॉक, २ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

आधी भावाला घरात घे, मग मला भोपळा म्हण. डासाने, ताटाने, शिवल्याने हा रोग होत नाही. रक्तातून होतो, शरीरसंबंधातून होतो, आईकडून बाळाला होतो. दवाखान्यात विचारून लिहितेय. का विचारलं? माझा नवरा क्षयाने गेला असं आपण समजत होतो. मुळात त्याला हेच होतं. आता माझंही रक्त तसंच निघालंय. एप्रिलात सोंगक्रानच्या सणाला घरी येते. आईच्या हातचं खायचंय.

तुमच्या मायेची भुकेली,
सोइफेत


फयाओ, ८ मार्च

चि. सोइफेतला आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं, तुझ्यापुरतं सोडून. तिने इनकेवला घरात आणलं, स्वतःच्या हाताने चिकट भात भरवला. पोर ढसढसा रडलं. आठवड्याने गेला. मयताला गावातलं कुणी फिरकलं नाही. रांधलेलं सगळं डुकरांना घातलं.

माझ्या वान्दीचं लग्न ठरलंय. मुलगा मालट्रक चालवतो. जरा रंगेल आहे, पण कमावता. बाई गं, शिवल्याने होत नाही हे मला पटलंय. गावाला कोण पटवणार? तुझं कळलं तर पोरीचं लग्न मोडेल. तू येऊ नकोस.

राग धरू नकोस.
खामपेंग


बँकॉक, २० मार्च

ती. ताईस नमस्कार.

येत नाही. आईला सांग, सुट्टी मिळाली नाही. एकच मागते. लग्नाआधी त्या मुलाचं रक्त तपासून घे. मला सांगणारं कुणी नव्हतं. वान्दीला तू आहेस.

सोइफेत


फयाओ, १२ ऑगस्ट

चि. सोइफेतला आशीर्वाद.

लग्न थाटात झालं, अख्खा गाव जेवला. रक्ताचं दोनदा ओठांवर आलं होतं. पण मुलाची आई म्हणाली असती, आधी तुमच्या घरातलं तपासा. गिळून टाकलं. वान्दीला दिवस गेलेत. आई अंगडी शिवायला बसलीसुद्धा!

जावई आता आमच्याकडेच राहतो, टपाल त्याच्याच हाती पडतं. तेव्हा यापुढे फक्त खुशाली लिहीत जा.

तुझीच,
खामपेंग