हजेरीपटातला अप्पाराव

प्रिय करुणा,

जय भीम. फोनवर बोलायला लागलो की मी लेक्चरच देतो असं तू म्हणतेस, म्हणून लिहितोय. कॉलेजच्या जुन्या दगडी वसतिगृहाची डागडुजी संपत आली. कमानींच्या सांध्यांत पुन्हा चुनाच भरलाय, सिमेंट लावू दिलं नाही मी. इंजिनिअरशी दोनदा भांडलो. इमारत कुणी उभी केली याचा फलक दारापाशी लागणार आहे आणि मजकुराचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

बांधकामाचा पंचावन्न सालचा हजेरीपट मी वर्षानुवर्षं वर्गात मिरवला. त्यात अप्पाराव, म्हणजे तुझे आजोबा, माझे अण्णा, एकही खाडा न करता हजर. माझ्या बापानं चुना वाहिला तिथं मी इतिहास शिकवतो, हे सांगताना छाती फुगायची. सुवर्णमहोत्सवातही तेच सांगत होतो, तर तुझी आजी भर सभेत उठली. तुझा बाप कुठला रं, चुना म्या वाह्यला, म्हणाली. लोक हसले. मीही माइकवरनंच म्हणालो, आई, कागदात तुझं नाव नाय, बस खाली. तू सातवीत होतीस, आठवत असेल तुला. वीस वर्षं झाली, तिनं कॉलेजात पाऊल टाकलं नाही. पडेगावला काकाकडं गेलो की मला चहा देते, पण बोलत नाही.

मागच्या आठवड्यात फलकासाठी अण्णांचा फोटो शोधताना त्यांच्या रेल्वेतल्या नोकरीचा दाखला सापडला. चोपन्न ते सत्तावन्न, मनमाड. म्हणजे एकच माणूस मनमाडला डबे धुतोय आणि इथं चुनाही वाहतोय! आजीबरोबर कामाला असलेल्या आवडाबाईला जाऊन विचारलं. व्हय, मुकादम बाईमाणसाची हजेरी नवऱ्याच्याच नावानं मांडायचा, म्हणाली. त्यात तिला काहीच नवल वाटलं नाही. पोरांना कागद वाचायला शिकवणारा मी, आणि जन्मदात्या आईला चारचौघांत खोटं पाडलं. लई लाज वाटते गं.

फलकावर पहिलं नाव तुझ्या आजीचं, लीलाबाईचं घातलंय. परवा माफी मागायला म्हणूनच पडेगावला गेलो, आणि तोंडातनं निघाली ती फलकाची लांबी-रुंदी. ती तांदूळ निवडत राहिली. मला एकट्याला ते जमत नाही, करुणा. तू ये, माझ्या शेजारी बस, म्हणजे मी चुकलो एवढं तरी तिला म्हणेन. फलकाच्या कार्यक्रमाला ती आली नाही तरी चालेल. फलक पुढच्या महिन्यातही लावता येईल, पण ती एक्क्याण्णव वर्षांची आहे. याच रविवारी ये.

तुझाच,
बाबा