तारेवरचे कपडे

३ तारीख, मंगळवार

धाकटी आज पण नाही. "ताई, पुलापलीकडची खोली बघून येते, अंधार पडायच्या आत परत" — असं म्हणून गेली आणि त्याच दुपारी पूल पाडला! आता पलीकडे ती, अलीकडे मी, मध्ये नदी आणि तोफा. फोन लागत नाही. कुणाला विचारायचं? ज्याला विचारावं तो स्वतःचंच कुणीतरी शोधतोय.

हट्टी कार्टी. मी म्हटलं होतं, खोलीला काय पाय फुटलेत? ऐकेल तर शपथ. निदान माझा हिरवा स्वेटर घालून गेली. थंडी तरी वाजणार नाही.

४ तारीख, बुधवार

इस्पितळाच्या धुण्यात पूर्वी चादरी असायच्या. आता कपडेच जास्त. पलीकडून होडीने माणसं आणतात. जी मेलेली असतात आणि कोण ते कळत नाही, त्यांचे कपडे आमच्याकडे. एका माणसाचं एक गाठोडं. आम्ही धुवायचं, नंबरची चिठ्ठी टाचून कुंपणाच्या तारेवर टांगायचं. लोक बघत बघत जातात. कुणी एकदम खाली बसलं की समजायचं, सापडलं. मग अख्खं गाठोडं त्यांचं, माणूसही त्यांचं. ज्यांना आठवडाभर कुणी ओळखत नाही ते कपडे सिस्टर व्हरांड्यात झोपणाऱ्यांना वाटते. काय करणार! नेसत्या वस्त्रानिशी आलेत लोक.

पाणी तापवणारा बंबवाला म्हणाला, "हवालदारीणबाई, जरा हळू पिळा. त्यांना दुखत नाही म्हणून काय झालं?" असले विनोद करतो मेला. हसले मी. अजून हसू येतं.

प्रत्येक गाठोडं सोडताना आधी हिरवं काही आहे का बघते.

६ तारीख, शुक्रवार

तारेपाशी रोज येणारी ती चष्मेवाली बाई परत आली. एक काच तडकलेली, तरी तोच चष्मा. हिची मुलगी पलीकडे कामाला गेली ती तिकडेच अडकली. "तपकिरी कोट आलाय का हो? मोठी बटणं, खालचं एक लाल." नाही आला. मी विचारलं, आत काय घातलं होतं? पदराने चष्मा पुसत राहिली. मग म्हणते, "सकाळी घाईत गेली हो. मी वर बघितलंच नाही. जाताना कोट तेवढा दिसला."

आई असून! — अगदी ओठावर आलं होतं माझ्या. गिळलं.

७ तारीख, शनिवार

चष्मेवालीशी भांडण. "तुम्ही धुता कशाला? वास जातो सगळा. मी डोळे मिटून ओळखलं असतं." मी म्हटलं, "मग रक्ताने भरलेले टांगू का? पोरंबाळं जातात इथून!" तर हात धरला माझा. "कोट आला तर तो धुऊ नका. एवढं करा."

बरं म्हटलं. हात सोडवून घेतला. कामं पडली होती.

९ तारीख, सोमवार

पाणी नाही. धुणं नाही. बसून राहिले. मला बसवत नाही.

१२ तारीख, गुरुवार

हिरवा स्वेटर.

कोपराला बाबांच्या पँटचं करडं ठिगळ. टाका माझा — तिरका, ओबडधोबड, दर चार टाक्यांनी गाठ. असला टाका दुसरं कोण घालणार? धाकटी नेहमी चिडवायची, ताई, तू शिवतेस की बांधतेस?

गाठोड्यात एक सदराही होता, निळ्या फुलांचा. एक पायमोजा. सदरा तिचा नाही. पण आता कोण कुणाचं घालतं! मीच कुणा मेलेल्याची पँट घालून काम करते.

चादरीखालच्या देहाची उंची तेवढीच. सिस्टर म्हणाली, "चेहरा बघू नका. बघण्यासारखं काही राहिलेलं नाही." नाही बघितला. मी! जी सगळ्यांना ओरडते, नीट बघून घ्या म्हणून.

गाठोडं तारेवर गेलंच नाही. कशाला जाईल? माझंच होतं.

१३ तारीख, शुक्रवार

मागच्या मैदानात पुरलं. बंबवाल्याने खणलं. आज एक विनोद केला नाही त्याने. स्वेटर ठेवून घेणार होते. नाही ठेवला, सगळे कपडे तिच्याबरोबर दिले. खाली गार असतं.

चष्मेवाली आली होती. न बोलावता. तिने मूठभर माती टाकली. म्हणाली, "निदान तुम्हाला सापडली." मी म्हटलं, तुमची पण सापडेल. हे काय बोलून बसले मी!

१४ तारीख, शनिवार

लिहायला काही नाही.

१७ तारीख, मंगळवार

चष्मेवाली. "आला का?" नाही. मग परत गेली नाही, माझ्याबरोबर कपडे टांगत राहिली. हात चांगला आहे तिचा. सुरकुती राहू देत नाही. मी एकदाही खेकसले नाही.

१८ तारीख, बुधवार

दुपारी होडी आली. लोक चिखलातून वर चढत होते. त्यात तपकिरी कोट! मोठी बटणं, खालचं लाल! बादली टाकली आणि धावले. ओरडले — "अगं पोरी, तुझी आई रोज येते गं इथे!"

तिने वर बघितलं. धाकटी.

आधी थोबाडीत मारली. मग धरून ठेवली. किती वेळ, माहीत नाही. मग विचारलं, स्वेटर कुठे?

"तळघरात एक मुलगी होती सोबत. पाणी आणायची तिची पाळी. पळताना कोट जड होतो म्हणून माझा स्वेटर घालून गेली. म्हणाली, येईपर्यंत कोट तू घाल. आलीच नाही गं ताई."

"आत निळ्या फुलांचा सदरा?"

"तुला कसं माहीत?"

१८ तारीख, पुन्हा

धाकटी झोपली आहे. घोरते आहे. कोट खुंटीवर आहे. धुतला नाही. पण त्याला आता धाकटीचा वास येतो.

सकाळी चष्मेवाली येईल. आला का, विचारेल.